तांदळाचं कोठार, पिठाचं ताट: ओसाकात काय खायचं आणि का

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, कंपनीच्या कामासाठी ओसाकाला चाललोय. दोन दिवस मोकळे आहेत. कुठे आणि काय खाऊ, एवढंच सांगा. इतिहास नको." शेवटचे दोन शब्द ऐकून मला हसू आलं. कारण ओसाकात काय खायचं हे इतिहास न सांगता सांगायचं म्हटलं तर यादी होईल, आणि अशा याद्या तुमच्या मोबाईलवर शंभर असतील. म्हणून आज मी कुठे जायचं ते सांगणार, काय मागवायचं ते सांगणार, पण सोबत एक कोडंही घालणार.

कोडं असं. ओसाकाला जपानमध्ये 'तेंका नो दाइदोकोरो' म्हणतात, म्हणजे अख्ख्या देशाचं स्वयंपाकघर. हे नाव जोडलं गेलं ते मुख्यतः तांदळामुळे. एके काळी देशभरातला तांदूळ या शहरात येऊन पडायचा. पण आज ओसाकात उतरल्यावर लोक तुम्हाला काय खायला सांगतात? ताकोयाकी, ओकोनोमियाकी, उदोन. सगळे गव्हाच्या पिठाचे पदार्थ! तिथे या पदार्थांना एकत्रित नावच आहे, 'कोनामोन', म्हणजे पिठाच्या वस्तू. तांदळाच्या कोठारात राहणारी माणसं पिठाकडे कशी वळली? चला, खात खात शोधूया.

पहिल्या थांब्यावर खायला काहीच नाही. रागावू नका. उमेदा स्टेशनवरून दक्षिणेकडे चालत गेलात की पंधरा-वीस मिनिटांत दोजिमा नदीचा काठ लागतो. काठावर तांदळाच्या एका अजस्र दाण्याचं शिल्प आहे. तादाओ आंदो हे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकार ओसाकाचेच, त्यांनी ते केलंय आणि २०१८ मध्ये ते इथे बसवलं गेलं. आसपास काचेच्या इमारती, सूटबूट घातलेली माणसं, आणि मध्येच हा दाणा. मी तिथे उभी होते तेव्हा शेजारून चाललेल्या एकानेही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

पण जागा साधी नाही. शोगुनांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून पुढे, जपानमध्ये सरदाराची श्रीमंती सोन्यात नाही, तांदळात मोजत. माप होतं कोकू. एक कोकू म्हणजे साधारण १५० किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. शेतकरी सारा तांदळात भरायचा, सामुराईचा पगार तांदळात व्हायचा. पण नुसत्या तांदळावर घर चालत नाही, रोख पैसाही लागतो. म्हणून सरदारांनी आपापला तांदूळ बोटींतून ओसाकाला पाठवायला सुरुवात केली. इथल्या नाकानोशिमा बेटावर आणि नदीकाठी त्यांच्या वखारी उभ्या राहिल्या, शंभराहून जास्त.

आता गंमत ऐका. पोती इकडून तिकडे हलवण्यापेक्षा कागद हलवणं सोपं. वखारीतून तांदळाची चिठ्ठी मिळायची, आपल्याकडच्या हुंडीसारखी, आणि व्यापारी त्या चिठ्ठ्यांचीच खरेदी-विक्री करायचे. मग पुढच्या हंगामातल्या तांदळाचे सौदे आजच होऊ लागले, तेही फक्त वहीतल्या नोंदींवर. १७३० साली शोगुन योशिमुनेच्या सरकारने दोजिमाच्या या बाजाराला अधिकृत मान्यता दिली. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून याचंच नाव घेतात. तुमच्यापैकी जे मोबाईलवर एफ अँड ओ खेळतात त्यांनी या दाण्यासमोर हात जोडायला हरकत नाही. इथला भाव दूरच्या गावांना कळवायला डोंगरा-डोंगरांवर माणसं बसवलेली असायची. एकाने झेंडा हलवायचा, पुढच्याने दुर्बिणीतून पाहायचं आणि आपला झेंडा हलवायचा. तेव्हाचं नोटिफिकेशनच!

तर हे झालं 'स्वयंपाकघर'. पण नीट बघितलं तर ते स्वयंपाकघर नव्हतंच, ते कोठार होतं. आणि कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे असतात, यावर कोण जेवणार ते ठरतं.

१८३० च्या दशकात जपानमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेनपो काळातला दुष्काळ म्हणतात त्याला. पीक बुडालं, भाव चढले, माणसं रस्त्यावर मरू लागली. ओसाकात एक माणूस होता, ओशिओ हेइहाचिरो. पूर्वी इथल्याच पोलीस खात्यातला अधिकारी, नंतर नोकरी सोडून शाळा चालवणारा कन्फ्यूशियन पंडित. त्याने अधिकाऱ्यांना विनवलं की लोकांना धान्य द्या. कोणी ऐकलं नाही. उलट ओसाकातला तांदूळ एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, रवाना होत होता, कारण तिथे नवा शोगुन गादीवर बसायचा होता. ओशिओने आपला हजारो पुस्तकांचा संग्रह विकला आणि पैसे गरिबांना वाटून टाकले. आणि १८३७ च्या वसंतात शिष्य आणि शेतकरी गोळा करून त्याने बंड केलं. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वाड्यांवर हल्ले झाले, आगी लागल्या, शहराचा साधारण पाचवा हिस्सा जळाला. बंड एका दिवसात मोडलं. ओशिओ महिनाभर लपला, आणि सापडणार असं दिसल्यावर त्याने स्वतःला संपवलं.

विचार करा, सगळ्या देशाचा तांदूळ ज्या शहरात, त्याच शहरात उपासमार. आणि हे एकदाच झालं नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धाची महागाई होती, त्यात सैबेरियात सैन्य पाठवायचं ठरल्यावर साठेबाजी वाढली. तांदळाचे भाव झपाट्याने चढले. तोयामा भागातल्या कोळी बायकांनी बंदरातून बाहेर जाणारा तांदूळ अडवला आणि ठिणगी देशभर पसरली. ऑगस्टमध्ये ओसाकात जमावाने दुकानं घेरली, स्वस्तात विका म्हणून. शेवटी रस्त्यावर सैन्य आलं. पंतप्रधान तेराउचींना पायउतार व्हावं लागलं. दोजिमाचा बाजार पुढे १९३९ मध्ये बंद झाला, कारण युद्धाच्या तयारीत सरकारने तांदूळ स्वतःच्या ताब्यात घेतला.

बरं, आता भूक लागली असेल. दुसरा थांबा, मिनामीसेन्बा. इथे १८९३ पासूनचं 'उसामितेई मात्सुबाया' नावाचं उदोनचं दुकान आहे. मागवायचं 'कित्सुने उदोन'. जाड, मऊ गव्हाच्या शेवया, पारदर्शक कढण आणि वर गोडसर शिजवलेला तळलेल्या तोफूचा मोठा तुकडा. कित्सुने म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला तळलेला तोफू फार आवडतो अशी तिथली लोकसमजूत, म्हणून हे नाव. हा पदार्थ याच दुकानात जन्मला असं सांगतात.

पण खरी गोष्ट कढणात आहे. त्याला म्हणतात दाशी. ओसाकाच्या दाशीचा जीव आहे कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळाची जाड पट्टी. आणि कोंबू ओसाकाच्या समुद्रात होत नाही! तो यायचा पार उत्तरेकडून, होक्काइदोहून. 'कितामाएबुने' नावाची व्यापारी जहाजं जपानच्या पश्चिम किनाऱ्याने वळसा घालून ओसाकाला यायची. येताना कोंबू आणि वाळवलेले मासे, जाताना तांदूळ, मीठ, कापड. शेजारच्या साकाई शहरात सुऱ्या घडवणारे कारागीर होते, त्यांच्या सुऱ्यांनी कोंबूचे केसासारखे पातळ पापुद्रे काढण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे तांदूळ हातातून निसटत होता, पण त्याच बंदरामुळे चव मात्र शहरात मुरली. साध्या गव्हाच्या शेवया गरम पाण्यात टाकल्या तर ते आजाऱ्याचं जेवण. दाशीत टाकल्या की ओसाका.

इथे शाकाहारी मंडळींसाठी थांबते, कारण निम्मे प्रश्न तुमचेच असतात. कोंबू शाकाहारी आहे, पण दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रेही असतात, त्यांना कात्सुओबुशी म्हणतात. दिसायला तोफू आणि शेवया, पण कढण माशाचं. मी पहिल्या दिवशी एका ठिकाणी 'मांस नाही ना?' असं विचारलं, काकूंनी हसून 'नाही' सांगितलं, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात कढणातला मासा म्हणजे मांस नव्हे. प्रश्न माझाच चुकला होता. म्हणून थेट 'दाशी' शब्द वापरून विचारा. वरून टाकलेले पापुद्रे नको असतील तर 'कात्सुओबुशी नाशी दे' म्हणा. पण पिठात किंवा कढणात मिसळलेलं काढता येत नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा थांबा दोतोन्बोरी. निऑनच्या पाट्या, प्रचंड यांत्रिक खेकडा, कालव्याच्या पुलावर सेल्फी काढणारी गर्दी, हे सगळं रीलमध्ये बघितलं असेलच. कालवा आहे १६१५ चा. इथे खायचं ओकोनोमियाकी. 'मिझुनो' नावाचं दुकान १९४५ पासून चालू आहे. रांग असते, उभं राहायची तयारी ठेवा. गव्हाचं पातळ पीठ, ढीगभर कोबी, अंडं, आवडेल ते मांस किंवा कोळंबी, समोरच्या तापलेल्या लोखंडी तव्यावर भाजतात आणि वर गोड-आंबट सॉस. आपल्या भरगच्च धिरड्याचा जपानी चुलतभाऊ म्हणा.

त्या सनाकडे लक्ष गेलं का? १९४५. मार्च महिन्यातल्या एका रात्रीत अमेरिकन बी-२९ विमानांनी ओसाकावर आगीचे बॉम्ब टाकले, जवळजवळ ४,००० माणसं मेली, मध्यवर्ती भाग खाक झाला. पुढचे महिने हल्ले होतच राहिले. तांदळाचं रेशनिंग १९४१ पासून होतंच, युद्ध संपल्यावर तेही वेळेवर मिळेना. मिळत होतं ते अमेरिकेतून मदत म्हणून आलेलं गव्हाचं पीठ. त्याच्या वीसेक वर्षं आधी ओसाकाची मुलं 'इस्सेन योशोकु' नावाचा खाऊ खायची, म्हणजे 'एका पैशाचं विलायती जेवण'. पिठाचं पातळ धिरडं, त्यावर थोडी पात आणि सॉस. बस्स, विलायती कारण सॉस विलायती! युद्धानंतर हाच पोरांचा खाऊ मोठ्यांचं पोट भरू लागला. कोबी वाढला, जमेल तसं बाकीचं पडत गेलं. 'ओकोनोमी' म्हणजे आवडेल ते. त्या वर्षांत अर्थ मात्र होता, मिळेल ते.

ताकोयाकीची गोष्टही अशीच. आपल्या आप्पेपात्रासारख्या भांड्यात केलेले पिठाचे गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. 'आइझुया' या दुकानाचे संस्थापक तोमेकिची एंदो १९३३ मध्ये आधी आत बैलाच्या स्वस्त मांसाचे चिवट तुकडे घालून विकायचे. १९३५ मध्ये, आकाशी गावात ऑक्टोपस घालतात हे कळल्यावर, त्यांनी ऑक्टोपस घातला. आजही आइझुयाचे गोळे सॉसशिवाय, नुसत्या दाशीच्या चवीवर खातात. आकाराने लहान, पण चव कळते. दोतोन्बोरीचे सॉस-मेयोनीजवाले आणि हे साधे, दोन्ही खाऊन बघा आणि मला सांगा.

चौथा थांबा त्सुरुहाशी, लूप लाइनवरचं स्टेशन. गाडीतून उतरलात की फलाटावरच भाजलेल्या मांसाचा वास येतो. १९२० च्या दशकात कोरियाच्या जेजू बेटावरून ओसाकाला थेट जहाज सुरू झालं. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. हजारो लोक इथल्या कारखान्यांत राबायला आले. युद्धानंतर या स्टेशनच्या आजूबाजूला काळा बाजार भरायचा, त्याचीच पुढे ही गल्ल्यांची बाजारपेठ झाली. किमचीच्या बरण्या, कोरियन कापड, आणि याकिनिकू म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस. इथे 'होरुमोन' नावाने आतडी-वजडी मिळते. जपानी घरांत जे सहसा खात नसत, त्यातून कोरियन कुटुंबांनी धंदा उभा केला. मांस खाणाऱ्यांनी एक संध्याकाळ इथे घालवावी. आणि हे खाणं ज्यांनी रुजवलं त्यांना या शहराने कित्येक वर्षं परकंच मानलं, हेही माहीत असावं.

पाचवा थांबा शहराबाहेर, हान्क्यू रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. इकेदा. इथे कप नूडल्सचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, मंगळवारी बंद. आत एक लाकडी खोपटं उभारलंय, हुबेहूब जुन्यासारखं. मोमोफुकू आंदो यांचं. जन्म १९१० चा, तैवानमधला. युद्धानंतरच्या हिवाळ्यात उमेदा स्टेशनमागे त्यांनी एका रामेनच्या गाड्यासमोर थंडीत कुडकुडणाऱ्या माणसांची लांबच लांब रांग पाहिली, आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. तेव्हा सरकार लोकांना अमेरिकन गव्हाचा पाव खा म्हणून सांगत होतं. आंदोंचा सवाल होता, पाव का? आपण शेवया खाणारी माणसं. १९५७ मध्ये ते ज्या पतसंस्थेचे प्रमुख होते ती बुडाली आणि घर सोडून त्यांचं सगळं गेलं. मग त्या घराच्या अंगणातल्या खोपटात ते वर्षभर शेवया तळून वाळवत बसले. २५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकन रामेन' बाजारात आलं. वय ४८, किंमत ३५ येन. तुमच्या हॉस्टेलच्या रूममधली दोन मिनिटांची मॅगी याच कुळातली.

त्याच १९५८ मध्ये ओसाकाच्या पूर्वेला, आजच्या हिगाशी-ओसाकात, योशिआकी शिराइशी यांनी पट्ट्यावर फिरणाऱ्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ते सुचलं. नाव 'गेन्रोकू', आजही आहे. उंची समजली जाणारी सुशी तिथे कामगाराच्या खिशात बसली. म्हणजे तांदूळ परत आला, पण यावेळी तो सगळ्यांच्या समोरून फिरत आला.

ही पिठाची गोष्ट आपल्यापासून फार लांब नाही बरं का. १९५४ मध्ये अमेरिकेने जादा धान्य परदेशांना देण्यासाठी पीएल-४८० नावाचा कायदा केला. त्याखाली जपानला गहू गेला आणि त्याच कायद्याखाली भारतातही आला. तुमच्या आजी-आजोबांना रेशनवरच्या अमेरिकन गव्हाबद्दल विचारा. माझी आजी अजून नाक मुरडते. त्या चपात्या वातड व्हायच्या म्हणे. ती ते दिवस विसरायला बघते, आणि ओसाकावाले तेच दिवस सॉस लावून जगाला विकतात. दोन्ही मला समजतं.

आता शेवट. तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ओसाकाच्या दोजिमा एक्स्चेंजमध्ये तांदळाचे वायदे पुन्हा सुरू झाले. आणि त्याच महिन्यात जपानच्या सुपरमार्केटांतले तांदळाचे रकाने रिकामे पडले. ओसाकाच्या गव्हर्नरांनी केंद्र सरकारला सांगितलं, राखीव कोठारं उघडा. सरकारने तेव्हा नाही म्हटलं. २०२५ च्या वसंतात पाच किलोच्या पिशवीचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट, ४,००० येनच्या वर गेला, तेव्हा कुठे कोठारं उघडली. 'मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही' असं बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. ओशिओला जाऊन १८८ वर्षं झाली होती.

म्हणून माझं उत्तर, व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, असं आहे. पहिल्या दिवशी सकाळी उपाशी पोटी दोजिमाचा दाणा बघ. मग मिनामीसेन्बात उदोन, दुपारी आइझुयाचे ताकोयाकी, रात्री दोतोन्बोरीत ओकोनोमियाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी इकेदा, संध्याकाळी त्सुरुहाशी. ओसाकाला 'कुइदाओरे' म्हणजे खाऊन खाऊन दिवाळं काढणारं शहर म्हणतात. पण तू जे खाशील त्यातलं बरंचसं स्वस्तात पोट भरण्यासाठी जन्मलंय, हे तव्यावरची वाफ बघताना आठव. आणि ताटात काही टाकू नकोस.

कसा वाटला भाग, नक्की कळवा. आणि रेशनच्या गव्हाची आठवण सांगणारं कोणी घरात असेल, तर मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. ती माणसं आहेत तोवर विचारून घेऊया. भेटू पुढच्या भागात!